पाकिटावरचे ‘एक लिटर’

जुलाबाने गळून गेलेल्या मुलासाठी ओआरएसचे एक लिटरचे पाकीट आणले जाते आणि अनेकदा ते पेलाभर पाण्यातच कालवले जाते. दाट केले की गुण लवकर येईल, असा त्यामागचा समज. रसायनशास्त्राचा हिशेब नेमका याच्या उलट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुचवलेल्या मिश्रणाची परासरणी तीव्रता लिटरमागे २४५ मिलिऑस्मोल असते. रक्ताची साधारण २९०. म्हणून पाणी आतड्यातून रक्तात शोषले जाते. तेच पाकीट २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवले की तीव्रता पाचपट होते. मग पाणी उलट्या दिशेने, शरीरातून आतड्यात ओढले जाते. जुलाब वाढतात, रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

हा सारा भाग राज्यातील विज्ञान शाखेचे विद्यार्थी बारावीत ‘द्रावणे’ या प्रकरणात शिकतात. वायूंचे नियम अकरावीत होतात. पण शिकतात म्हणजे काय? सूत्र पाठ, किमती घातल्या, चारपैकी एक पर्याय निवडला. प्रवेश परीक्षेत एका प्रश्नाला जेमतेम मिनिट-दीड मिनिट मिळत असल्याने विचारापेक्षा वेगाला किंमत आली. काही ठिकाणी महाविद्यालयातला प्रवेश नावापुरता आणि खरी हजेरी शिकवणी वर्गात, अशी स्थिती आहे. तेथे प्रात्यक्षिक वही भरली जाते. हात मात्र कोरडेच राहतात.

वायूंच्या नियमांचे मोल करोनाकाळात घरोघरी कळायला हवे होते. मोठ्या ऑक्सिजन सिलिंडरचे आकारमान सुमारे ४७ लिटर आणि भरलेला असताना दाब वातावरणाच्या दीडशे पट. बॉइलच्या नियमाने तो वायू बाहेर सुमारे ७,००० लिटर होतो. मिनिटाला ५ लिटर दिला तर तो सव्वातेवीस तास पुरेल. काटा ५० वर आला की हाती उरतात पावणेआठ तास. सुरक्षिततेसाठी त्याहून कमीच धरायचे. हा गुणाकार-भागाकार शाळकरी आहे. तरीही तोच विद्यार्थी सिलिंडरच्या काट्यासमोर अडखळत असेल, तर दोष त्याच्या बुद्धीचा नाही, शिकवण्याच्या पद्धतीचा आहे.

मोजून केलेले द्रावण काय करू शकते, याचा दाखला १९७१ चा आहे. बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा यांचे मोजून केलेले मिश्रण पाण्यात विरघळवून पिण्यास देण्याचा निर्णय घेतला. रुग्णांचे नातेवाईकच ते पाजत. सुमारे ३० टक्क्यांवर असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. औषध नवे नव्हते. प्रमाण अचूक होते.

यासाठी महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही. तोंड बंद केलेल्या सिरिंजच्या दट्ट्यावर वजने ठेवत गेले की दाब आणि आकारमान यांचे नाते डोळ्यांनी दिसते. बटाट्याच्या चकत्या साध्या आणि खारट पाण्यात तासभर ठेवून आधी-नंतर वजन केले की परासरण समजते. गरज आहे ती प्रात्यक्षिकाचे गुण प्रत्यक्ष काम पाहून देण्याची आणि प्रश्नपत्रिकेत सिलिंडर, सलाइन, ओआरएस यांवरची उदाहरणे आणण्याची. हे मंडळाने ठरवले तर पुढच्याच वर्षी होऊ शकते.

विज्ञान शाखेतले सगळेच डॉक्टर किंवा अभियंते होणार नाहीत. पण त्यांच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी कुणा आजाऱ्याच्या उशाशी बसणार आहे. त्या वेळी पर्याय छापलेले नसतात.