पहिली शिडाची होडी : आधी हात बसवा, मग सौदा करा

माधवनगरच्या पेठेत सुताचा आणि कापडाचा सौदा रोज होतो. होडीचा सौदा कोणी काढत नाही. मात्र यंत्रमागाच्या धंद्यातील काही तरुण मध्यंतरी आमच्याकडे आले. भागीदारीत एक जुनी शिडाची होडी घ्यावी, ती कोकण किनाऱ्यावर ठेवावी आणि पर्यटकांना फिरवून चार पैसे मिळवावेत, असा त्यांचा बेत. मागाला मंदी आली की माणूस नवी वाट शोधणारच. पण यात दुकानाचे भांडवल गुंतणार आहे, म्हणून आमचे मत स्पष्टपणे मांडतो.

घाटावरच्या माणसाने दर्याचे नाव काढू नये, असे आम्ही म्हणणार नाही. भारतीयाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना ज्यांनी लावून धरली, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर शेजारच्या सातारा जिल्ह्यातच, फलटणजवळच्या विंचुर्णीला राहत होते. ही जबाबदारी कमांडर दिलीप दोंदे यांनी घेतली. नौका बांधली गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्याने. फायबरच्या बोटी तेथे बनत, पण महासागर ओलांडणारी 56 फुटी शिडाची नौका त्यांनी पूर्वी बांधलेली नव्हती. ती ‘म्हादेई’ 2009 साली नौदलात दाखल झाली आणि दोंदे यांनी 2009-10 मध्ये प्रदक्षिणा पुरी केली.

आमच्या वाचकांनी यातून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. नौका हाती येण्याच्या कितीतरी आधी दोंदे इंग्लंडला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या अनुभवी नाविकाकडे गेले आणि त्यांच्या नौकेच्या तयारीत मदतनीस म्हणून राबले. नौदलाचा अधिकारी आधी उमेदवारी करतो, तर आपण थेट मालक कसे होणार? माग न चालवता मागाचा कारखाना काढणाऱ्याचे काय होते, ते आपण जाणतो. म्हणून पहिला सल्ला हा की एक हंगाम दुसऱ्याच्या होडीवर काढा. वारा कळू द्या, दोर हातात खेळू द्या. पोहणे तर आलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट पारखीची. जुना माग आपण रंग पाहून घेत नाही, चालवून पाहतो. होडीही पाण्याबाहेर काढून तळापासून पाहावी. लाकडी असेल तर खाऱ्या पाण्यातला किडा आतून पोखरतो. वरून फळी साबूत दिसते. फायबरची असेल तर छोट्या हातोडीने ठोकून ऐकावे. आवाज बद्द आला तर आत थर सुटले आहेत असे समजावे. डोलकाठीच्या तारा, सुकाणूचे बिजागर, शिडाची शिवण हे सर्व तपासावे. शीड उन्हाने कुजते आणि ताणाने सैल पडते. नवे शीड स्वस्त नसते. पैसे गेले तरी चालतील, पण विकणाऱ्याशी संबंध नसलेला जाणकार सोबत न्यावा. त्यानंतर वाऱ्यात चालवून पाहावी आणि मगच बयाणा द्यावा.

तिसरी गोष्ट हिशेबाची. होडीची किंमत ही खर्चाची सुरुवात आहे. किमतीचा दहावा हिस्सा दरवर्षी देखभालीला जातो, असा ढोबळ ठोकताळा जाणकार सांगतात. जुन्या होडीला जास्तच. शिवाय नांगरण्याची जागा, राखणदार आणि विमा आहेच. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर होडी वर ओढून ठेवावी लागते. म्हणजे कमाई आठ महिन्यांची आणि खर्च बारा महिन्यांचा.

चौथी गोष्ट कागदाची. मागील मालकाच्या नावाची नोंदणी, थकलेली देणी, बँकेचा बोजा हे पाहिल्याविना रक्कम देऊ नये. पैसे घेऊन माणसे बसवायची तर महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आणि होडीची तपासणी लागते. किती माणसे बसवायची तेही ठरलेले असते. त्याच्यावर एकही बसवू नये. 8 ऑगस्ट 2019 रोजी आपल्याच जिल्ह्यात, ब्रह्मनाळला महापुरात माणसांनी भरलेली बोट उलटली आणि कित्येक घरे उद्ध्वस्त झाली. प्रत्येक माथ्यामागे एक जीवरक्षक जाकीट हा खर्च वाचवण्याचा नव्हे.

भागीदारीही लेखी हवी. कोणाचा हिस्सा किती, तोटा कोणी किती सोसायचा, एकाला बाहेर पडायचे झाल्यास होडीची किंमत कोण ठरवणार, हे साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे. व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. आपण ती विसरतो एवढेच.

हे सारे ऐकून त्या तरुणांचे चेहरे उतरले. त्यांना आम्ही एवढेच सांगितले की, पहिली होडी लहान घ्या, दोन-तीन माणसांची, स्वतः शिकण्यापुरती, आणि बुडाले तरी घर चालेल एवढ्याच पैशांची. ती दोन हंगाम नीट सांभाळता आली तर मोठीचा विचार करा. दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’नंतर ‘तारिणी’ झाली आणि 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जग फिरून आल्या. पहिले काम नीट झाले म्हणून दुसरे आले. पेठेतला धंदाही असाच वाढतो. दर्यावरचा वेगळा असेल असे आम्हास वाटत नाही.