रक्ताचे नाते आणि कायद्याचे नाते

विशेष प्रतिनिधी

जन्मदात्याचा शोध घेणाऱ्याच्या हाती विज्ञानाने आता खात्रीचे साधन दिले आहे. डीएनए चाचणीने पितृत्वाचा वाद निर्विवादपणे मिटू शकतो. मात्र त्या उत्तरातून माणसाला नेमके काय मिळते, निव्वळ माहिती, मुलगा वा मुलगी म्हणून मान्यता की मालमत्तेतील वाटा, याबाबत आपला कायदा अजूनही एका सुरात बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केरळमधील एका प्रकरणात दिलेल्या निकालाने हा पेच पुन्हा समोर आणला.

आपला जन्मदाता आईचा तत्कालीन पती नसून दुसराच पुरुष आहे, असे सांगून एका तरुणाने त्याच्याकडे पोटगी मागितली होती. त्यासाठी डीएनए चाचणी घेण्याची मागणी न्यायालयाने फेटाळली. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम ११२ हा या निर्णयाचा आधार होता. वैध विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यापासून २८० दिवसांच्या आत आईने पुनर्विवाह केला नसताना जन्मलेले मूल त्या पतीचेच, असे हे कलम मानते. त्या काळात पती-पत्नीचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे सिद्ध झाले तरच हे गृहीतक मोडते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्येही ही तरतूद कायम आहे. मुलाच्या माथी अनौरसपणाचा शिक्का बसू नये, हा तिच्यामागील हेतू आजही रास्तच म्हणावा लागेल.

मात्र सर्वच निकाल या दिशेने गेलेले नाहीत. उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडचे माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांच्याविरुद्ध रोहित शेखर यांनी दिल्ली उच्च न्यायालयात पितृत्वाचा दावा लावला, तेव्हा तिवारी यांना रक्ताचा नमुना देणे भाग पडले. जुलै २०१२ मध्ये चाचणीचा अहवाल उघडण्यात आला आणि तिवारी हेच जन्मदाते असल्याचे स्पष्ट झाले. २०१४ मध्ये तिवारी यांनी मुलाचा जाहीर स्वीकार केला. त्याच वर्षी विदर्भातील एका पोटगीच्या प्रकरणात, विज्ञानाने सिद्ध झालेले सत्य आणि कायद्याचे गृहीतक यांत विरोध आला तर सत्याचे पारडे जड मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पुढे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने पती-पत्नीच्या भांडणात मुलाला चाचणीच्या दावणीला बांधू नये, असे बजावले. मूल स्वतः सत्य मागत असेल आणि मोठी माणसे आपल्या भांडणासाठी ते मागत असतील, तर या दोन गोष्टींना एकच माप लावता येणार नाही.

जनक घर आणि दत्तक घर

दोन घरांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेले आणि सयाजीराव गायकवाड झाले. दत्तकाचा हक्क नाकारल्यामुळेच १८४८ मध्ये सातारा संस्थान खालसा झाले. जुन्या दत्तकविधानात वारसा केंद्रस्थानी होता आणि गुपित असे काही नव्हते. मूल बहुधा भावकीतले असे, आणि त्याचे जनक घर साऱ्या गावाला ठाऊक असे.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने हीच चौकट पुढे नेली. दत्तकाच्या तारखेपासून जनक कुटुंबाशी असलेले नाते संपते आणि तिथला वारसाहक्कही संपतो. मात्र जनक घरातील ज्या नात्यांत विवाह निषिद्ध होता, तो निषेध कायम राहतो. वारसा तोडणाऱ्या कायद्यालाही रक्त पुरते पुसून टाकता आलेले नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

संस्थांमधून दत्तक गेलेल्या मुलांनी हे चित्र बदलले. त्यांतील अनेक मुले परदेशी गेली. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती मुले आता प्रौढ झाली असून त्यांतील काही जण जन्मदात्रीच्या शोधात भारतात येतात. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो. मात्र मूल सोपवताना आईवडिलांनी ओळख गुप्त ठेवण्याची विनंती केली असेल, तर त्यांची लेखी संमती लागते. त्यांनी नकार दिल्यास मूल कोणत्या परिस्थितीत सोपवले गेले, एवढे सांगितले जाते. त्रयस्थामार्फत शोध घेण्यास मनाई आहे.

हा समतोल विचारपूर्वक साधलेला आहे. अविवाहित अवस्थेत बाळ सोपवून गेलेली स्त्री आज दुसऱ्या संसारात असू शकते, आणि तिने ते कोणाला सांगितलेलेही नसेल. मात्र परदेशात घरबसल्या लाळेचा नमुना पाठवून नातेवाईक शोधता येऊ लागल्यापासून ही भिंत ढासळू लागली आहे. एखाद्या दूरच्या चुलतभावाने हौसेखातर चाचणी केली, तरी गुपित राखू पाहणाऱ्या आईपर्यंत वाट पोहोचते. तिथे संमती विचारायला कोणी नसते.

वाटा कोणाला?

सर्वांत मोठी गफलत वारशाबाबत होते. रक्त सिद्ध झाले म्हणजे वाटा मिळाला, असा सार्वत्रिक समज आहे. हिंदू वारसा कायद्यानुसार विवाहबाह्य अपत्याचे नाते आईशी आणि एकमेकांशी धरले जाते, वडिलांशी नाही. आईवडिलांचा विवाह झाला होता, पण तो अवैध ठरला, अशा मुलांना मात्र संरक्षण आहे. अशा मुलांना आईवडिलांच्या मालमत्तेत आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून आईवडिलांच्या वाट्याला येणाऱ्या हिश्श्यातही हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्यापलीकडे कुटुंबातील इतरांच्या मालमत्तेवर त्यांना हक्क सांगता येत नाही. आईवडिलांचा विवाहच झाला नव्हता, अशा अपत्याच्या हाती डीएनएचा अहवाल असला तरी मृत्युपत्राविना वडिलांच्या मालमत्तेचे दार त्याला बंदच राहते.

याचा अर्थ असा की, ज्या मुलाचा काडीचाही दोष नाही, त्याला आईवडिलांच्या निर्णयाची किंमत मोजावी लागते. ही तरतूद लिहिली गेली, तेव्हा पितृत्व सिद्ध करण्याचे खात्रीचे साधन नव्हते. आज ते आहे, आणि संसदेने या विसंगतीकडे पाहण्याची वेळ आली आहे. दत्तक गेलेल्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला एका घराचा पूर्ण वारसा मिळालेला असतो, त्यामुळे जनक घराचा हिस्सा नाकारण्यात अन्याय नाही.

प्रत्यक्षात शोध घेणाऱ्यांपैकी अनेकांना हिस्सा नकोच असतो. रोहित शेखर यांचा दावाही आपण तिवारी यांचे पुत्र असल्याचे जाहीर व्हावे, यासाठीच होता. आईचा चेहरा पाहायचा असतो, घरात चालत आलेला आजार जाणून घ्यायचा असतो, आपल्याला का सोडले हे विचारायचे असते. परंतु दारात उभा राहिलेला प्रत्येक अनोळखी भाऊ सातबाऱ्यावर नाव लावायलाच आला आहे, अशी भीती असेल, तर दार उघडले जाणार नाही. जाणून घेण्याचा हक्क आणि वाट्याचा हक्क कायद्याने स्पष्टपणे वेगळे केले, तर ही भीती बरीच ओसरेल. त्यानंतर नाते जोडायचे की नाही, हा निर्णय दोन्ही बाजूंच्या माणसांवर सोपवावा. तो कोणत्याही प्रयोगशाळेला किंवा न्यायालयाला घेता येणार नाही.