अक्की हिट्टू

आमचा भाचा दोन दिवस गुलमर्गला स्कीइंगला निघाला. रात्री पडलेला ताजा बर्फ कसा असतो, असं आईनं विचारलं. "आजी, अक्की हिट्टू!" तो हसून म्हणाला. तांदळाच्या पिठासारखा कोरडा, हलका. २००५ साली गोंडोलाचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि अफरवटचे उंच उतार स्कीपटूंच्या आवाक्यात आले.

पण हे नवं पीठ खालच्या जुन्या थराला लगेच धरत नाही. माणसाच्या भारानंही ते सुटतं आणि अख्खा उतार खाली येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथंच पोलंडचे दोन स्कीपटू हिमस्खलनात दगावले. म्हणून आईनं कुंद्याच्या डब्याबरोबर एक अट बांधून दिली: उतार बंद म्हटलं, की मुकाट्यानं माघारी फिरायचं!