निकालातली ती एक ओळ वाचवा

सही करताना मी पंचनामा वाचला नव्हता.

तालुक्याच्या गावात मास्तर म्हणून नवीनच लागलो होतो. भल्या पहाटे हवालदार दारात उभा. "गुरुजी, पंच म्हणून या जरा. पाच मिनिटांचं काम." गायरानात पारध्यांची चार पालं होती. आम्ही पोहोचलो तेव्हा झडती होऊन गेली होती. पालाबाहेर गोधडीवर एक पितळी हंडा, दोन नवी लुगडी आणि स्टीलचा एक डबा मांडून ठेवला होता. गड्याला आधीच जीपमध्ये बसवलं होतं. त्याची बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "गुरुजी, लुगडी लग्नातली हायती." तिचा मुलगा माझ्याच वर्गात दुसरीला होता. फौजदारांनी कागदावर जिथं बोट ठेवलं तिथं मी सही केली. माझ्यासमक्ष झडती झाली आणि माझ्यासमक्ष माल मिळाला, असं त्या कागदात लिहिलं होतं. मुलगा त्या दिवसापासून शाळेत आला नाही. आठवड्याभरात पालंही उठली.

हे आज सांगण्याचं कारण, त्या बाईच्या बाजूनं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहिलेली एक ओळ आपल्या हातात आहे आणि ती आपल्या डोळ्यांदेखत विरून चालली आहे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी 'सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार' या खटल्याचा निकाल लागला. याचिका तुरुंगांतल्या जातिभेदाबद्दल होती: झाडलोट कुणी करायची, स्वयंपाक कुणी करायचा, हे कैद्याच्या जातीवरून ठरवणाऱ्या नियमांबद्दल. न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. बातम्या त्याच्याच झाल्या आणि ते रास्तच होतं. पण आदेशांच्या यादीत पोलिसांसाठीही एक ओळ आहे. विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये यासाठी अर्नेश कुमार आणि अमानतुल्ला खान या दोन निकालांतल्या सूचना पाळा, असं ती सांगते. पालावर राहणाऱ्या माणसाला 'तू कोण' यावरून नव्हे, 'तू काय केलंस' यावरूनच हात लावता येईल, एवढा तिचा अर्थ आहे.

ही ओळ यायला किती वर्षं लागली ते बघा. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असा त्यामागचा विचार होता. गुन्हा करावा लागतच नव्हता, जन्माला येणं पुरे होतं. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हद्द सोडायची नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणात ज्यांना ठेवलं त्यांच्या वस्तीला आजही सेटलमेंटच म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण त्याच दशकात राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. आपल्याकडचा 1959 चा. त्यात जमातीचं नाव नाही, माणसाचं आहे. ठाण्यातल्या वहीत मात्र माणसं बहुतेक त्याच वस्त्यांवरची राहिली.

अमेरिकेत कातडीच्या रंगावरून गाडी अडवतात, त्याला वंशावरून संशय घेणं म्हणतात आणि आपण त्या बातम्या हळहळून वाचतो. आपल्याकडे रंगाची गरज पडत नाही. आडनावाचाही उपयोग नाही, कारण पारध्यांची आडनावं भोसले, पवार, काळे, चव्हाण, शिंदे, म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राची आहेत. म्हणून एसटी स्टँडवर पहिला प्रश्न नावाचा नसतो. "कुठल्या वस्तीवरचा?" असा असतो. उत्तर आलं की बाकीची चौकशी झाल्यातच जमा.

भीमराव गस्ती यांनी 'बेरड'मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या'त हे आतून लिहिलं. दोन्ही पुस्तकं आपण डोक्यावर घेतली. 'उचल्या'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकं गाजली म्हणून रात्रगस्त बदलली नाही. 1998 साली पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन शबर कोठडीत मारला गेला आणि त्याच वर्षी आपल्या बारामतीत एक पारधी मजूर. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड त्या वर्षी एकत्र आले आणि विमुक्तांच्या हक्कांची चळवळ देशपातळीवर उभी राहिली.

तरीही कुणी म्हणेल, निरपराध असेल तर कोर्टात सुटेलच की. त्यानं महाराष्ट्रातलाच एक खटला वाचावा. 2003 सालचा दरोडा आणि खून, अत्यंत क्रूर गुन्हा. भटक्या जमातीतले सहा मजूर धरले गेले. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं. त्या चौघांच्या मागे कुणी गेलं नाही. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि तपास करणाऱ्यांची चौकशी करण्याचा आदेश दिला. मधली सोळा वर्षं ते तुरुंगात होते. त्यांच्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. आणि ज्या घरातली माणसं मारली गेली, त्या घराला तरी काय मिळालं? बाईने ओळखलेले चौघे फोटोत होते आणि फोटोतच राहिले. संशयाला जात चिकटली की फिर्यादीचीही फसवणूक होते, हे आपण ध्यानात घेत नाही.

ठाण्यातला संशय ठाण्यात राहत नाही, गावात उतरतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडून आले होते. त्यांना मारणाऱ्यांच्या अंगावर वर्दी नव्हती. भटका म्हणजे संशयित हा धडा मात्र त्यांनी कुठून तरी घेतलेला होता.

आता त्या ओळीच्या पोटात काय आहे ते नीट बघू, कारण वाचवायचं ते हेच. अर्नेश कुमारचा निकाल 2014 चा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, आधी हजर राहण्याची नोटीस द्या, अटक केलीच तर कारणं लिहा आणि दंडाधिकाऱ्यांनीही ती कारणं तपासल्याशिवाय कोठडी देऊ नये. साध्या चोरीला शिक्षा तीन वर्षांपर्यंत, घरातल्या चोरीला सात. म्हणजे पालावरच्या माणसावर रोज येणारा आळ नेमका या संरक्षणाखाली येतो. त्यातून पोलिसांना सुटायची वाटही मला दिसते: पाच जण शेकोटीपाशी बसलेले सापडले की दरोड्याच्या तयारीचं कलम, म्हणजे सात वर्षांची मर्यादा ओलांडली. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 122 तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत 'चोर म्हणून ख्याती असलेला' माणूस रेंगाळताना सापडला तर त्याला धरू देतं. ही ख्याती कुणी पसरवली, हे त्या कलमाला विचारता येत नाही.

अमानतुल्ला खानचा निकाल 7 मे 2024 चा. काही राज्यांत मागास आणि विमुक्त समाजांतल्या निरपराध माणसांच्या नावे केवळ जातीच्या आकसातून हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळत ठेवण्यासाठीच्या पोलिसी नोंदी, उघडल्या जातात, हे न्यायालयाने स्वतःहून नोंदवलं आणि सगळ्या राज्यांनी आपापले नियम तपासावेत असं सांगितलं. त्या ओळीबाहेरही एक आधार आहे: 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं, त्यासाठी मोबाइल चालतो. गोधडीवर हंडा आधी आला की झडती आधी झाली, हे दाखवायला माझ्या वेळी काही नव्हतं. आज आहे.

हे सगळं पोलिसांच्या विरोधात नाही. रात्रभर गस्त घालून सकाळी वरिष्ठांचा 'डिटेक्शन किती?' हा प्रश्न झेलणारे अंमलदार माझे विद्यार्थी आहेत. आकडा भरण्याची घाई त्यांना वस्तीकडे ढकलते, हे त्यांनीच मला सांगितलं. त्यांनाही ही ओळ हवी आहे. 'साहेब, कारण लिहावं लागेल' असं म्हणायला त्यांच्या हातात दुसरं काही नाही.

म्हणून माझी विनंती आहे, विशेषतः तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांत राहणाऱ्यांना. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला विचारा: 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालानुसार आपण कोणतं परिपत्रक काढलं? त्याची प्रत द्या. जिल्ह्यात किती हिस्ट्रीशीट उघड्या आहेत आणि त्यांचा शेवटचा फेरआढावा कधी झाला? कुणाचं नाव मागू नका, आकडा आणि तारीख मागा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. एका गावातून एक अर्ज गेला तर तो फाइलला लागेल. छत्तीस जिल्ह्यांतून शेकड्यांनी गेले तर परिपत्रक काढावंच लागेल.

वकील मित्रांनो, रिमांडच्या दिवशी अर्ध्या तासासाठी उभे राहा आणि नोटीस कुठे आहे एवढं विचारा. शिक्षकांनो, वर्गातलं पालावरचं मूल दोन दिवस आलं नाही तर पालावर जा. सरपंच आणि पोलीस पाटलांनो, पालं उतरली की आधार आणि रेशनकार्डाच्या अर्जाचं बघा, कारण कागद नसलेला माणूस सगळ्यांत आधी उचलला जातो. 31 ऑगस्टच्या विमुक्त दिनाला भाषणांआधी त्या निकालातले पोलिसांविषयीचे आदेश मराठीत मोठ्यानं वाचा, पालावर वाचा, आणि ठाणे अंमलदारांना ऐकायला बोलवा.

आणि एखाद्या पहाटे तुमच्या दारात हवालदार उभा राहिला, पंच म्हणून चला म्हणाला, तर जरूर जा. झडती सुरू होण्याआधी पोहोचा. चित्रीकरण चालू आहे का ते विचारा. वस्तू कुठून निघाली ते स्वतः बघा. पालातली बाई काही सांगत असेल तर तिचं म्हणणं कागदावर घ्यायला सांगा. मग पंचनामा पहिल्या ओळीपासून वाचा आणि जे पाहिलं नाही ते त्यात लिहिलं असेल तर सही करू नका.

मी ते केलं नाही. तो मुलगा आज चाळिशीच्या पुढे असेल. त्याच्या नावे कुठल्या ठाण्यात शीट उघडी आहे का, हे मला माहीत नाही. पहिला अर्ज मी या सोमवारी त्याच तालुक्यातून करतो आहे.