दाहाचा नकाशा

आपला वंशच हृदयविकाराला अनुकूल आहे, असे म्हणून या रोगाची चर्चा आटोपती घेण्याची जी सवय आपल्या सुशिक्षित वर्गाला जडली आहे, तिला पुणे जिल्ह्यातच उत्तर मिळाले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील, शहरी झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील पुरुषांची तुलना करून 2008 साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत खेडूत सर्वांत सडपातळ, मध्यमवर्गीय सर्वांत स्थूल आणि झोपडपट्टीतील रहिवासी मधल्या पायरीवर आढळले. आणि रक्तातील दाह दर्शविणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनही खेड्यापेक्षा शहरी मध्यमवर्गात अधिक होते. मुलूख तोच, बोली तीच. बदलली ती राहणी.

हा दाह ज्वरासारखा जाणवत नाही, म्हणून त्याची दखल घेतली जात नाही. पोटाच्या पोकळीत साठलेली चरबी निपचित पडून राहत नसते. तिच्यातून सुटणाऱ्या द्रव्यांच्या सांगाव्यावरून यकृत हे प्रोटीन रक्तात सोडते, आणि वर्षानुवर्षे धुमसणाऱ्या दाहामुळे रोहिणीच्या अस्तराखाली साचलेल्या मेदावरील आवरण विरविरीत होऊन एके दिवशी फाटते व तेथे गुठळी जमते.

तथापि दाह म्हणजेच हृदयविकार, असेही समीकरण मांडता येत नाही. बोलिव्हियाच्या अरण्यात शिकार, मासेमारी आणि थोडीबहुत शेती यांवर जगणाऱ्या चिमाने लोकांच्या रक्तात, कृमी व अन्य संसर्गांमुळे, दाहाची खूण वारंवार आढळते. तरीही 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या 705 प्रौढांपैकी शेकडा 85 जणांच्या हृदयरोहिण्यांत, रोगाची खूण मानल्या जाणाऱ्या कॅल्शियमचा लवलेशही सापडला नाही. त्यांचे कोलेस्टेरॉल कमी, धूम्रपान क्वचित, आणि दिवसाचा मोठा भाग अंगमेहनतीत जातो. दाह कशातून उपजला आणि त्याच्या जोडीला काय आहे, हे न पाहता रक्तातील एका आकड्यावरून एखाद्या प्रदेशाचे भविष्य वर्तविणे सर्वथा अशास्त्रीय होय.

हे पाहण्यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांसाठी आशा कार्यकर्ती जो तक्ता भरते, त्यात कमरेचा घेर, तंबाखू, व्यायाम आणि चुलीचे सरपण यांची नोंद असतेच. पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटरपलीकडचा घेर धोक्यात धरला जातो. ही माहिती दप्तरापुरती न ठेवता, तालुकावार तेरीज करून ती दरसाल प्रसिद्ध करण्याची तजवीज सरकारने करावी, आणि आशाताई दारी आल्या असता वाचकांनी त्यांच्या मापपट्टीला नकार देऊ नये.