एका अक्षराची किंमत

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजी अक्षरांचा कोणताही कागद घरात आला की तो माझ्या हाती येतो. गेल्या वर्षी दादाचा फोन आला. तो मस्कतला वायरमन आहे. वहिनीला तिकडे न्यायचे, तर लग्नाच्या नोंदणीचा दाखला 'अपॉस्टिल' करून पाठवा, असे त्याने सांगितले. हा शब्द आम्ही सर्वांनी प्रथमच ऐकला. बाबा म्हणाले, "बघ काय ते. शिकतेस ना?"

मी चौकशी केली. एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशाने कसा मानावा, यासाठी १९६१ साली हेग येथे करार झाला. भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. ओमान त्यात २०१२ साली आला, सौदी अरेबिया २०२२ साली. करारातल्या देशांसाठी वकिलातीत खेटे घालावे लागत नाहीत. दाखला आधी राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाने प्रमाणित करायचा, मग परराष्ट्र मंत्रालय त्यावर अपॉस्टिल लावते. ऐकायला किती सोपे!

आमचे घोडे अडले ते एका अक्षराशी. वहिनीच्या नावात पासपोर्टवर 'एच' आहे, दाखल्यावर नाही. एजंट म्हणाला, "शिक्के मिळतील, पण तिकडे अडवले तर माझ्याकडे येऊ नका." तेव्हा मला उमगले, की सही खरी, शिक्का खरा आणि सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे, एवढेच अपॉस्टिल सांगतो. आतल्या मजकुराची हमी तो देत नाही. चुकीचे नाव कितीही शिक्क्यांखाली गेले तरी चुकीचेच राहते. दुरुस्ती व्हायची ती जिथे पहिली नोंद झाली तिथेच.

तिथे गेले तर उत्तर मिळाले, "तेव्हा वाचायला काय झाले होते?" मला राग आला. बाबांनी साक्षीदार म्हणून अंगठा उठवला होता. वहिनीने सही केली ती मराठीत. इंग्रजी वाचणार कोण? अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि सहा फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला बाबांचा एक रोज बुडाला. आठ महिने गेले.

पण खरे सांगायचे तर तो दाखला घरी आला तेव्हा मी अकरावीत होते. मीच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला होता, न वाचता.

सरकारने वरचे टप्पे सोपे करावेत, असे सगळेच म्हणतात. करावेतच. पण माझ्या मते खरी अडचण पहिल्या टेबलापाशी आहे. तिथे नोंद करणाऱ्याने ती मोठ्याने वाचून दाखवावी, स्पेलिंग ताडून पाहावे. आणि आपण? आपले राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी सात दिवस एखाद्या गावात असते. आपण रस्ते झाडतो, रोपे लावतो. त्यातला एक दिवस घरोघरचे जन्माचे, शाळेचे, लग्नाचे दाखले शेजारी शेजारी ठेवून वाचायला द्यावा, असे मी प्राध्यापकांना सुचविते. चूक आधी सापडली तर एका अर्जाचे काम असते. गरजेच्या वेळी सापडली तर माणसे अडकून पडतात.

गेल्या महिन्यात वहिनी मस्कतला गेली. बाबा शेजाऱ्यांना सांगत होते, "पोरीच्या शिक्षणाने काम झाले." मी काही बोलले नाही. ते शिक्षण दोन वर्षे आधीच उपयोगी पडायला हवे होते.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला