विश्लेषण : गॅस घरात आला, तरी चूल का विझत नाही? सरपणाचा खरा हिशेब काय?

प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेतून देशात दहा कोटींहून अधिक गॅसजोडण्या दिल्या गेल्या. तरीही ग्रामीण भागात सकाळ-संध्याकाळ चुली पेटतातच. त्यात आता बायकांच्या डोक्यावरून मोळीने येणारे सरपण अनेक गावांत यांत्रिक करवतीने कापून टेम्पोतून येऊ लागले आहे. चूल का टिकून आहे, सरपण खरोखर फुकट असते का आणि यांत्रिक करवतीमुळे नेमके काय बदलले, याचा हा वेध.

आकडे काय सांगतात?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली. आठ कोटी जोडण्यांचे लक्ष्य सप्टेंबर २०१९ मध्ये पूर्ण झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. जोडण्या वाढल्या, पण वापर त्या वेगाने वाढला नाही. उज्ज्वलाच्या लाभार्थी घरांनी २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीन सिलिंडर घेतले होते. २०२४-२५ मध्ये ही सरासरी साडेचारच्या आसपास गेली. म्हणजे एक सिलिंडर सरासरी अडीच महिन्यांहून अधिक काळ पुरवला जातो. चार-पाच माणसांच्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवर होत असेल, तर हे शक्य नाही. उरलेले काम चूल करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ग्रामीण भारतातील ४३ टक्के घरेच स्वयंपाकासाठी प्रामुख्याने स्वच्छ इंधन वापरत असल्याचे आढळले होते. शहरांत हे प्रमाण सुमारे ९० टक्के होते.

सिलिंडर महाग की सरपण?

एप्रिल २०२५ मधील दरवाढीनंतर १४.२ किलोचा सिलिंडर दिल्लीत ८५३ रुपयांना झाला. ३०० रुपयांचे अनुदान वजा केल्यास उज्ज्वला लाभार्थीला तो तेव्हा ५५३ रुपयांना पडत होता. मात्र सिलिंडर घेताना पूर्ण रक्कम द्यावी लागते आणि अनुदान नंतर खात्यात येते. मजुरीवर चालणाऱ्या घरात त्या दिवशी ती सगळी रक्कम हाती असणे, हीच पहिली अडचण.

आता सरपणाचा हिशेब पाहू. एक किलो एलपीजीतून सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर एक किलो वाळल्या लाकडातून साधारण १६. गॅसच्या शेगडीवर यातली ६० टक्के उष्णता भांड्याला लागते असे धरले आणि साध्या चुलीवर १२ ते १५ टक्के, तर एका सिलिंडरचे काम करायला १६० ते २०० किलो लाकूड लागते. वीस किलोची मोळी धरली, तर आठ ते दहा फेऱ्या होतात. फेरीला अर्धा दिवस जातो असे मानल्यास चार ते पाच दिवसांचे श्रम झाले. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने या श्रमांची किंमत साडेबाराशे ते साडेपंधराशे रुपये भरते. म्हणजे विनाअनुदानित सिलिंडरही सरपणापेक्षा स्वस्त ठरतो.

अडचण अशी की हे श्रम बहुतेक वेळा बाईचे असतात आणि त्यांचे पैसे कोणी देत नाही. रोज मजुरीचे काम मिळेलच याचीही खात्री नसते. त्यामुळे घराच्या जमाखर्चात सिलिंडर ‘खर्च’ म्हणून दिसतो आणि सरपण ‘फुकट’.

अंघोळीचे पाणी कोणत्या खात्यात?

चर्चा नेहमी स्वयंपाकाची होते, पण महाराष्ट्रातील खेड्यांत सरपणाचा मोठा वाटा अंघोळीच्या पाण्यासाठी जातो. गॅसवर चहा-भाजी आणि चुलीवर भाकरी, तर परसात बंब किंवा पाण्याची चूल, अशी विभागणी अनेक घरांत असते. पाच माणसे, प्रत्येकी १५ लिटर पाणी आणि ते २० अंशांनी तापवायचे असे धरले, तर रोज सुमारे पाव किलो गॅस लागेल. म्हणजे दोन महिन्यांत एक आणि वर्षाला जवळपास सहा सिलिंडर केवळ अंघोळीला. २०२५-२६ मध्ये उज्ज्वला लाभार्थींना वर्षाला नऊ सिलिंडरपर्यंतच अनुदान देण्याचे ठरले होते. सहा सिलिंडर पाणी तापवण्यात गेले, तर स्वयंपाकासाठी तीन उरतात. त्यामुळे गॅस असलेले घरही सरपण सोडत नाही.

धुराची किंमत किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील मुलांची संख्या २ लाख ३७ हजारांहून अधिक होती. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसांचे जुनाट आजार, फुप्फुसाचा कर्करोग आणि मुलांमधील न्यूमोनिया यांच्याशी या धुराचा संबंध आहे. धुरातील सर्वांत घातक भाग म्हणजे पीएम २.५ हे अतिसूक्ष्म कण. ओल्या लाकडाने त्यात भर पडते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. बरीच उष्णता ते पाणी उडवण्यात जाते, जाळ थंड राहतो आणि लाकूड जळण्याऐवजी धुमसते. फोडून, रचून, उन्हाळाभर वाळवलेले लाकूड कमी लागते आणि कमी धुरते. पावसाळ्याआधी सरपणाची बेगमी करण्याच्या पद्धतीमागे हेच व्यावहारिक शहाणपण होते.

यांत्रिक करवतीने काय बदलले?

हाताने सरपण गोळा करण्याला एक नैसर्गिक मर्यादा होती. वाळक्या फांद्या, काटक्या, तुरीच्या तुऱ्हाट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, बाभळीची छाटणी असे जे कोयत्या-कुऱ्हाडीला आवरेल आणि डोक्यावर पेलेल, तेवढेच घरी येई. पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीने ही मर्यादा काढून टाकली. कुऱ्हाडीला दिवस लावणारा बुंधा ती थोड्या वेळात कापते. त्यामुळे पडलेल्या फांदीऐवजी उभे झाड कापणे सोयीचे होते. असे लाकूड ओले असते. ते न वाळवता चुलीत गेले, तर बाईच्या डोक्यावरचे ओझे उतरते, पण स्वयंपाकघरातील धूर वाढतो.

करवत चालवणाऱ्याचा धोकाही मोठा आहे. फिरत्या साखळीच्या पात्याचे टोक लाकडाला वरच्या बाजूने टेकले, तर करवत क्षणात उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे किंवा मानेकडे येते. याला ‘किकबॅक’ म्हणतात. चांगल्या यंत्रात साखळी तात्काळ थांबवणारा ब्रेक असतो. हेल्मेट, चेहऱ्यावरील जाळी, कानांचे संरक्षण आणि पायांना विशेष आवरण आवश्यक असते. प्रत्यक्षात चप्पल घालून, कोणतेही प्रशिक्षण न घेता करवत चालवणारे सर्रास दिसतात.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार अनुसूचीतील झाडे स्वतःच्या जमिनीत असली, तरी ती तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. साग, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडे त्यात येतात. दुसरीकडे वनहक्क कायदा, २००६ ने जंगलावर जगणाऱ्यांचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला. त्याच्या व्याख्येत बांबू, झुडपी लाकूड आणि खुंट यांचा समावेश आहे, इमारती लाकडाचा नाही. म्हणजे काटक्यांची मोळी आणि करवतीने पाडलेले झाड यांत कायदाही फरक करतो.

जंगलालगत प्रश्न जिवाचाही आहे. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात सरपण किंवा वनोपज आणायला गेलेल्या व्यक्ती वाघाच्या हल्ल्यात बळी पडल्याच्या घटना वारंवार घडतात. व्याघ्र प्रकल्पांच्या बफर क्षेत्रातील गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सवलतीत गॅस देण्यामागे हेही कारण आहे.

निर्धूर चुलीचे काय झाले?

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला. देशभरात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या आणि २००२ मध्ये केंद्राने कार्यक्रम थांबवला. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने धुराड्याच्या ‘लक्ष्मी’ चुलीसारखे प्रयोग केले. पण अनेक ठिकाणी धुराडे साफ झाले नाही, चुलीला तडे गेले आणि दुरुस्तीला कोणी आले नाही. मोजणी बसवलेल्या चुलींची झाली, वापरातल्या चुलींची नाही. आज गॅसजोडण्यांबाबतही तोच धोका आहे.

इतर देशांत काय केले जाते?

श्रीमंत देशांतही लाकडी शेगड्या आहेत, पण त्या मुख्यतः खोली उबदार ठेवण्यासाठी. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणात २० टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा, असा नियम आहे. तिथे लाकूड बाजारात विकत घेतले जाते, म्हणून हे शक्य होते. परसातल्या लाकडावर असा नियम लावता येत नाही. त्यातून घ्यायचा धडा एवढाच, की लाकूड वापरले जाणारच असेल तर ते वाळवलेले असावे.

मग उपाय काय?

पहिला, यश जोडण्यांवर न मोजता सिलिंडरच्या वापरावर मोजणे. दुसरा, अनुदान आधीच वजा करून सिलिंडर देणे आणि पाच किलोचा सिलिंडर गावात सहज मिळेल असे पाहणे, म्हणजे एकरकमी पैशांची अडचण कमी होईल. तिसरा, अंघोळीच्या पाण्याचा वेगळा विचार करणे. वर्षातले बरेच महिने ऊन असलेल्या राज्यात सौर बंबाला उज्ज्वलाइतके महत्त्व मिळाले, तर सरपणाची एक मोठी मागणी कमी होऊ शकते. देश आपल्या गरजेच्या सुमारे ६० टक्के एलपीजी आयात करतो. त्यामुळे केवळ गॅसवर विसंबणेही सोपे नाही. मात्र सरपण ‘फुकट’ मानले जाते तोवर कोणतेही अनुदान अपुरेच वाटेल, कारण चुलीचे बिल बाईचा वेळ, तिची फुप्फुसे आणि गावाची झाडे यांच्या नावावर निघत राहते.